पाटाकाठच्या वाटा : मदेरा बेटावरील सोपी पदभ्रमंती

मदेरा हे अटलांटिक महासागरातील पोर्तुगालचे बेट जवळजवळ सगळेच डोंगराळ आहे. त्याची लांबी सुमारे ५७ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २२ किलोमीटर आणि क्षेत्रफळ ७४० चौरस किलोमीटरच्या आसपास. एवढ्या लहानशा जागेत पिको रुइवो हे सर्वोच्च शिखर १,८६२ मीटरपर्यंत चढत गेले आहे. कळसूबाईपेक्षा ते दोनशे मीटरांहून जास्त उंच आहे आणि समुद्रापासून जेमतेम दहाएक किलोमीटरवर आहे. राजधानी फुंशालमध्येही सपाट जमीन शोधावी लागते. गावे उतारांवर वसलेली, शेते पायऱ्यापायऱ्यांची, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचे तर आधी उतरायचे आणि मग तितकेच चढायचे.

असे बेट केवळ कसलेल्या गिर्यारोहकांचे असायला हवे होते. प्रत्यक्षात मात्र साठी उलटलेली माणसे, लहान मुले आणि डोंगराची सवय नसलेले पाहुणे येथे दरवर्षी मोठ्या संख्येने पायी हिंडतात. चार-पाच तास चालूनही त्यांना दम लागत नाही, कारण ते ज्या वाटांनी चालतात त्या मुळात माणसांच्या पायांसाठी काढलेल्याच नाहीत. त्या पाण्याच्या पाटांच्या काठाने जातात. बेटावर या पाटांना लेवादा म्हणतात, आणि त्यांची एकूण लांबी दोन हजार किलोमीटरांहून अधिक भरते.

पाऊस उत्तरेला, शेती दक्षिणेला

मदेरा ज्वालामुखीतून वर आलेले आहे. समुद्रतळापासून साठत गेलेल्या लाव्ह्याच्या प्रचंड राशीचा केवळ माथा पाण्याबाहेर दिसतो. पन्नास लाखांहून अधिक वर्षे या राशीवर पाऊस आणि ओढे काम करत आले आहेत. त्यांनी कठीण कातळ आणि ठिसूळ राख यांचे एकावर एक साचलेले थर कापत खोल, अरुंद घळी तयार केल्या. बेटाच्या मधोमध पूर्व-पश्चिम पसरलेली डोंगररांग या घळींच्या डोक्यावर उभी आहे.

ही रांगच बेटाचे हवामान दोन भागांत तोडते. अटलांटिकवरून ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे बाष्प घेऊन उत्तरेच्या कड्यांना भिडतात, वर चढताना थंड होतात आणि तेथेच ढग व पाऊस सोडतात. उत्तरेच्या उंच भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. दक्षिण किनाऱ्यावरच्या फुंशालला जेमतेम सहाशे मिलिमीटर मिळतो, तोही मुख्यतः हिवाळ्यात. पश्चिमेला पाउल दा सेरा नावाचे, सुमारे दीड हजार मीटर उंचीवरचे पठार आहे. तेथे पडलेले पाणी सच्छिद्र कातळात मुरते, खाली पाणी न झिरपणाऱ्या थरावर अडते आणि घळींच्या भिंतींतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. थोडक्यात, पाणी आहे उत्तरेला आणि उंचावर; ऊन, ऊब आणि पिकाऊ जमीन आहे दक्षिणेला आणि खाली.

जुआंव गोन्साल्व्हिश झार्को आणि त्रिश्तांव व्हाझ तेशेरा हे पोर्तुगीज दर्यावर्दी १४१९ च्या सुमारास येथे आले. बेट निर्मनुष्य होते. पुढच्या काही वर्षांत वसाहत सुरू झाली आणि दक्षिण उतारांवर ऊस लागला. उसाला पाणी लागते, आणि साखर काढण्यासाठी फिरणाऱ्या घाण्यांनाही. त्यामुळे पंधराव्या शतकातच ओढ्यांचे पाणी वळवून पाट काढण्याला सुरुवात झाली. त्या शतकाच्या शेवटी मदेराची साखर युरोपच्या बाजारांत मोठ्या प्रमाणावर जात होती. ही समृद्धी ज्यांच्या अंगमेहनतीवर उभी राहिली त्यांत आफ्रिकेतून आणि कॅनरी बेटांवरून आणलेले गुलाम होते. पुढे ब्राझीलच्या स्वस्त साखरेपुढे मदेराचा ऊस मागे पडला आणि त्याची जागा द्राक्षमळ्यांनी घेतली. येथील मद्य भारताच्या वाटेवरील जहाजांतूनही जाई. उष्ण प्रदेशातून फिरून परत आलेली पिंपे जास्त रुचकर लागतात असे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले, आणि उष्णता देऊन मद्य मुरवण्याची येथील पद्धत त्यातून रूढ झाली. पिके बदलली, तरी पाण्याची गरज तशीच राहिली आणि पाट वाढत गेले.

सुरुवातीचे पाट लहान आणि खाजगी असत. काही ठिकाणी लाकडी पन्हळी वापरल्या गेल्या, बाकी काम टिकाव आणि छिन्नीचे होते. उभ्या कड्यात पाट कोरताना मजुरांना वरून दोरांनी टोपल्यांतून खाली सोडत, असे बेटावर परंपरेने सांगितले जाते. काही कडे पाहिले की दुसरा मार्ग सुचतही नाही. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडच्या राबासाल भागात मोठी सरकारी कामे झाली आणि डोंगर पोखरून उत्तरेकडचे पाणी दक्षिणेला काल्येताच्या उतारांवर आणले गेले. त्यानंतरची मोठी लाट विसाव्या शतकाच्या मध्यावर आली. १९४० च्या दशकापासून सरकारने सिंचन आणि वीज यांची एकत्र योजना राबवली. उत्तरेचा पाट म्हणून ओळखली जाणारी लेवादा दो नोर्ते १९५२ मध्ये, तर फुंशालच्या वरून जाणारी लेवादा दोश तोर्नोश १९६६ मध्ये कार्यान्वित झाली. या योजनांत उंचावरचे पाणी आधी नळांतून खाली सोडून जनित्रे फिरवतात आणि मग तेच पाणी शेतांकडे व गावांकडे वळवतात.

पाटाचा ढाळ आणि पाटकऱ्याची वाट

पाट काढणाऱ्याला एकच गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे ढाळ. ढाळ जास्त झाला तर पाणी वेगाने धावून काठ पोखरते आणि शेतापर्यंत पोहोचायच्या आतच सारी उंची गमावते. कमी झाला तर पाणी तुंबते आणि गाळ साचतो. म्हणून पाट डोंगराच्या अंगाने, समान उंचीच्या रेषेला जवळजवळ धरून काढावा लागतो. घळ आली की पाट तिच्या आतल्या टोकापर्यंत जातो, ओढा ओलांडतो आणि पलीकडच्या उतारावरून बाहेर येतो. सोंड आली की तिला वळसा घालतो, आणि वळसा फारच लांब पडत असेल तर बोगद्यातून आरपार निघतो. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांकडे डोंगराच्या कडेने येणारे पाट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे तंत्र नवे वाटणार नाही. येथे ते शेकडो मीटर खोल दऱ्यांच्या काठावर आणि शेकडो किलोमीटर लांब राबवले आहे.

पाट बांधून काम संपत नाही. पाने, गाळ, कोसळलेले दगड रोज काढावे लागतात, गळती बुजवावी लागते. त्यासाठी पाटाला लागून एक पायवाट ठेवलेली असते. पाण्याची देखभाल आणि वाटप करणाऱ्याला येथे लेवादेइरो म्हणतात. आपल्याकडच्या पाटकऱ्याचेच हे काम. ठरलेल्या पाळीने तो दारे उघडतो आणि बंद करतो, आणि प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या वाट्याच्या तासांइतके पाणी मिळते. मदेरात पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा मानला जात असे. जमीन एकाची आणि तिच्यावरून वाहणारे पाणी दुसऱ्याचे, हे येथे सहज घडे, आणि पाण्याचे हिस्से विकले जात किंवा वारशाने मिळत. त्यामुळे पाळीचे वेळापत्रक काटेकोर असे आणि ते मोडणे हा भांडणाचा विषय होई.

आजचा पाहुणा चालतो ती हीच पाटकऱ्याची वाट. पाण्याला डोळ्यांना न जाणवणारा उतार लागतो, म्हणून वाटही तशीच सपाट राहते. वाट चुकण्याची भीती कमी, कारण पाट सोबत असतो. परतीची दिशाही पाणीच सांगते: उगमाकडे जायचे तर प्रवाहाच्या उलट, वस्तीकडे यायचे तर प्रवाहासोबत. बेटाच्या पाटांचे महत्त्व ओळखून पोर्तुगालने २०१७ मध्ये त्यांचा जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश केला.

मात्र वाट सपाट आहे म्हणून ती निर्धोक आहे असे नाही. मदेरातील वाट निवडताना चढ-उतारापेक्षा इतर तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे काठाची रुंदी. कुठे दोघे शेजारी चालू शकतात, तर कुठे पाटाच्या बांधाचीच वीतभर रुंदी उरते आणि बाहेरच्या बाजूला सरळ कडा असतो. धोक्याच्या जागी बहुधा तारांचे कठडे असतात, पण सर्वत्र नाहीत. दुसरी गोष्ट बोगद्यांची: आत अंधार, डोक्याला लागेल असे बुटके छत आणि पायाखाली चिखल. तिसरी म्हणजे ओल. उत्तरेच्या वाटांवर कातळ सदैव शेवाळलेला असतो. उंचीची भीती वाटणाऱ्याला अगदी सपाट वाटही नकोशी होते, आणि ज्याला ती वाटत नाही त्याला चढाची वाटही सोपी जाते. पुढे ज्या वाटा दिल्या आहेत त्यांची निवड या कसोट्यांवर केली आहे.

तमालपत्राच्या कुळातले रान

उत्तर उतारांवरच्या बहुतेक वाटा लौरिसिल्व्हा नावाच्या सदाहरित अरण्यातून जातात. दालचिनी, कापूर आणि तमालपत्र ज्या कुळातली, त्याच लॉरेसी कुळातल्या वृक्षांचे हे रान आहे. तिल, लोरेरो, व्हिन्यातिको आणि बार्बुझानो हे त्यातले चार प्रमुख वृक्ष. लक्षावधी वर्षांपूर्वी अशी अरण्ये दक्षिण युरोपात पसरलेली होती. हवामान थंड आणि कोरडे होत गेले तशी ती तेथून नाहीशी झाली आणि अटलांटिकमधील मदेरा, कॅनरी व अझोर्स या बेटांवर उरली. त्यांतला सर्वांत मोठा सलग तुकडा मदेरात आहे. सुमारे पंधरा हजार हेक्टरांचे हे क्षेत्र बेटाचा पाचवा हिस्सा व्यापते, आणि १९९९ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून नोंदवले.

पाटांचे पाणी या रानाशी बांधलेले आहे. पाऊस नसतानाही ढग झाडांमधून सरकत राहतात. त्यांतले बारीक थेंब पानांवर, फांद्यांवरच्या शेवाळावर आणि दगडफुलांवर जमतात आणि ठिबकून जमिनीत मुरतात. उन्हाळ्यात झरे आटत नाहीत त्यामागे या ठिबकणाऱ्या धुक्याचा मोठा वाटा आहे. दक्षिण उतारांवरचे मूळ जंगल वसाहतीच्या पहिल्या शतकांत शेतीसाठी आणि जळणासाठी तोडले गेले. तेथे आता निलगिरी आणि बाभळीच्या कुळातली परदेशी झाडे फोफावली आहेत.

या रानात पक्ष्यांच्या जाती मोजक्याच आहेत, पण त्यांतल्या काही जगात अन्यत्र कुठेही नाहीत. त्रोकाझ हे करडे, मोठे कबूतर लॉरेलची फळे खाते आणि झाडांच्या शेंड्यांवरून जड उड्डाण करताना दिसते. डोक्यावर नारिंगी-पिवळी रेघ असलेला, बोटभर आकाराचा मदेरा फायरक्रेस्ट झुडपांत सतत हलत असतो. चॅफिंच तर इतके धीट आहेत की विसाव्याच्या जागी माणसांच्या पायांशी येऊन उभे राहतात. पाटांच्या काठांवर निळ्या फुलांचे अगापांथस आणि हायड्रेंजिया ओळीने लावलेले आहेत. ही दोन्ही झाडे बाहेरून आणलेली आहेत. जून ते ऑगस्ट या काळात त्यांच्या फुलांनी काही पाटांची दोन्ही अंगे भरून जातात.

पहिल्या दिवसासाठी : बाल्कोइंश

फुंशालहून उत्तरेकडे डोंगर ओलांडल्यावर सुमारे ८६० मीटर उंचीवर रिबेरो फ्रियो ही छोटी वस्ती लागते. येथे ट्राउट माशांचे सरकारी संवर्धन केंद्र आहे. डोंगरातले थंड वाहते पाणी त्यासाठी वापरतात. वस्तीपासून निघणारी बाल्कोइंशची वाट जुन्या पाटाच्या काठाने जाते. एका बाजूची लांबी दीड किलोमीटर, चढ नगण्य, वाट रुंद. अर्ध्या-पाऊण तासात ती कातळात कोरलेल्या खिंडीतून जाऊन एका कठडा घातलेल्या सज्ज्यावर संपते.

सज्ज्याखाली रिबेरा दा मेतादेचे खोरे उघडते. आकाश निरभ्र असेल तर एका बाजूला आरियेरो, तोरेश आणि रुइवो ही तीन सर्वोच्च शिखरे दिसतात आणि दुसऱ्या बाजूला, समुद्राकाठी, पेन्या द आगिया हा ५९० मीटर उंचीचा एकांडा कातळ. बेटाची संपूर्ण घडण एका नजरेत समजावी अशा जागा थोड्या आहेत, त्यांतली ही सर्वांत कमी श्रमात गाठता येणारी. रिबेरो फ्रियोपासूनच पोर्तेलाकडे जाणारी सुमारे अकरा किलोमीटरांची, पाटाकाठची दुसरी वाट निघते. तीही फारशी चढाची नाही, पण काही ठिकाणी काठ अरुंद आणि दरी खोल असल्यामुळे ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी ठेवणे चांगले.

चाकाच्या खुर्चीलाही मोकळी : केमादाश

उत्तरेला सांताना गावाच्या वर पिको दाश पेद्राशपासून केमादाशपर्यंत सुमारे दोन किलोमीटरांची वाट आहे. अपंग, वृद्ध आणि लहान मुले यांना डोळ्यांसमोर ठेवून ती तयार केली आहे, म्हणून ती सर्वांची वाट म्हणूनच ओळखली जाते. जमीन समतल, शेजारी पाट, वर लॉरेलची सावली. केमादाशला गवताने शाकारलेली उतरत्या छपरांची घरे, तळे आणि बसायला जागा आहे.

याच केमादाशहून काल्देइरांव वेर्देची प्रसिद्ध वाट निघते. अठराव्या शतकातल्या पाटाच्या काठाने ती साडेसहा किलोमीटर आत जाते आणि सुमारे शंभर मीटर उंचीवरून कोसळणाऱ्या धबधब्यापाशी थांबते. येथेही चढ जवळजवळ नाही. पण चार बोगदे आहेत, पायाखाली ओल आहे आणि कित्येक ठिकाणी तारेच्या पलीकडे मोकळी हवा आहे. ये-जा तेरा किलोमीटर होते. विजेरी आणि चांगली पकड असणारे बूट असतील आणि उंचीची भीती नसेल तरच ही वाट धरावी.

धबधब्यांचे खोरे : राबासाल

पश्चिमेला पाउल दा सेराच्या कडेवरून राबासालचे खोरे सुरू होते. मुख्य रस्त्यावर वाहने ठेवून सुमारे दोन किलोमीटर डांबरी उतारावरून राबासालच्या वनगृहापर्यंत जायचे असते. या टप्प्यावर प्रवासी गाडीची सोय आहे. परतीचा चढ टाळू पाहणाऱ्यांनी निदान त्या दिशेला ती घ्यावी, कारण या भागातला खरा चढ हाच.

वनगृहाजवळून एकावर एक असे पाट निघतात. वरच्या पाटाची वाट रिस्को धबधब्याकडे जाते. ती रुंद आणि सपाट आहे, अंतर एक-दीड किलोमीटर. शंभर मीटरांच्या आसपास उंचीची पाण्याची बारीक धार काळ्या कातळावरून सरळ खाली येते आणि पाहणाऱ्याच्याही खाली दरीत नाहीशी होते. धबधब्यामागून जाणारा जुना मार्ग बंद केलेला आहे, म्हणून सज्ज्यापासून मागे फिरायचे. खालच्या पाटाची वाट पंचवीस झऱ्यांकडे जाते. तेथे कातळाच्या अर्धगोलातून अनेक धारा एका डोहात उतरतात. मुख्य रस्त्यापासून ये-जा सुमारे नऊ किलोमीटर पडते, पायऱ्या आहेत आणि काही टप्प्यांत काठ इतका अरुंद की समोरून येणाऱ्यासाठी थांबावे लागते. बेटावरच्या सर्वांत गर्दीच्या वाटांपैकी ही एक, त्यामुळे सकाळी लवकर जाणे सोयीचे. येथले पाणी पुढे सुमारे आठशे मीटरांच्या बोगद्यातून दक्षिणेला काल्येताच्या बाजूस जाते आणि बेटाच्या दोन हवामानांमधला सांधा पुरा करते.

राबासालच्या उत्तरेला फनालचे पठार आहे. येथे पाटही नाही आणि ठरलेले गंतव्यही नाही. अकराशे मीटरांपेक्षा जास्त उंचीवरच्या कुरणात कित्येक शतके जुने तिल वृक्ष विखुरलेले आहेत. वाऱ्याने त्यांचे बुंधे पिळवटले आहेत, शेवाळाने ते मढले आहेत. गाडीतून उतरून अर्धा-एक तास त्यांच्यामधून फिरणे कोणालाही जमेल. बाकीच्या वाटांवर धुके आले की दृश्य हरवते. फनालला लोक मुद्दाम धुक्यात येतात. दाट धुक्यात मात्र रस्ता आणि वनगृह यांपासून फार लांब जाऊ नये. झाडांच्या फांद्यांवर चढणे आणि मुळांवर चालणे यांमुळे या वृद्ध वृक्षांना इजा होते, तेही टाळायचे असते.

मळे आणि अंगणे यांमधून : दक्षिणेचे पाट

दक्षिण उतारांवरच्या पाटांना अरण्य नाही, पण वस्ती आहे. बेटावरची माणसे कशी राहतात ते पाहायचे असेल तर हेच पाट योग्य. उत्तरेला धुके आणि पाऊस असताना येथे बहुधा ऊन असते, म्हणून एखादा बेत फसला तर पर्याय म्हणूनही ते उपयोगी पडतात.

काबो जिरांव हा सुमारे ५८० मीटर उंचीचा समुद्रकडा आणि त्याच्या टोकावरचा काचेच्या तळाचा सज्जा सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या मागच्या उतारांवरून लेवादा दो नोर्ते जाते. बोआ मोर्ते गावापासून काबो जिरांवच्या दिशेने चालताना खाली द्राक्षांचे मांडव, भाजीचे वाफे आणि दगडी बांधांनी तोललेल्या अरुंद शेतपायऱ्या दिसतात. या पायऱ्यांना येथे पोयो म्हणतात. काही जागी कडा उघडा आहे, पण बराचसा भाग निवांत आहे. फुंशालच्या वर, मोंतेच्या बाजूने कामाशाकडे जाणारी लेवादा दोश तोर्नोश बागा, चहाची उपाहारगृहे आणि घरांची परसे यांना चाटून जाते. पूर्वेला माशिकोजवळच्या मारोसोशपासून कानिसालच्या बोगद्याकडे जाणारा पाट केळी, रताळी आणि भाज्यांच्या लहान लहान शेतांमधून वळणे घेतो. वाट मध्येच सोडून गावात उतरता येते, ही या सर्व वाटांची मोठी सोय.

फुंशालमध्येच राहून चालायचे असेल तर लिदो भागापासून प्राया फोर्मोझाच्या किनाऱ्याने कामारा दे लोबोशपर्यंत जाणारी समुद्रकाठची फरसबंद वाट आहे. कामारा दे लोबोश हे मच्छीमारांचे जुने गाव. १९५० च्या जानेवारीत विन्स्टन चर्चिल यांनी येथे बसून बंदराचे चित्र रंगवले होते. उसाच्या काकवीचा केक आणि उसाच्या मद्यात लिंबू व मध घालून केलेले पोंशा ही साखरेच्या काळाची खूण येथल्या उपाहारगृहांत अजून मिळते.

पाटांशिवाय दोन वाटा

पाट सोडून बेटाची दुसरी रूपे दाखवणाऱ्या दोन वाटांचा उल्लेख हवा. त्या पाटाकाठच्या वाटांइतक्या सपाट नाहीत, पण साधारण प्रकृतीच्या माणसाला जमण्यासारख्या आहेत.

पहिली सांव लोरेन्सोच्या भूशिरावरची. बेटाचे हे पूर्व टोक समुद्रात लांब घुसलेले आहे. येथे झाडे नाहीत, पाऊस कमी, वारा अखंड. त्यामुळे अन्यत्र झाडोऱ्याखाली दडलेली बेटाची आतली रचना येथे उघडी पडली आहे. तांबडी, पिवळी आणि करडी राख, तिच्यावर लाव्ह्याचे थर, आणि त्या सर्वांना उभी छेदत जाणाऱ्या काळ्या कातळाच्या भिंती. खालून वर येणारा लाव्हा भेगांत गोठला आणि नंतर भोवतालची मऊ राख झिजून गेली, तेव्हा या भिंती तयार झाल्या. ये-जा सहा-सात किलोमीटर होते आणि लहान चढ-उतार सतत आहेत. दोन्ही बाजूंना समुद्र, दक्षिणेला देझेर्ताश बेटे आणि स्वच्छ हवेत ईशान्येला पोर्तो सांतो हे बेट दिसते. सावली नाही, म्हणून टोपी आणि पाणी लागते.

दुसरी वाट थेट सर्वोच्च शिखराची. आरियेरोपासून पिको रुइवोला जाणारा मार्ग प्रसिद्ध असला तरी पायऱ्या आणि खोल उतारांमुळे तो दमवतो. आशादा दो तेशेरापर्यंत मात्र गाडी जाते. ती जागा १,५९२ मीटरांवर आहे आणि तेथून शिखर केवळ २.८ किलोमीटर दूर. वाट फरसबंद आहे, मध्ये निवारे आहेत आणि चढ २७० मीटरांचा. साधारण दीड तासात माथा गाठता येतो. ढग बहुधा शिखराच्या खाली साचलेले असतात, म्हणून किनाऱ्यावर आभाळ भरलेले असतानाही वर ऊन मिळण्याची शक्यता असते.

ऋतू, तयारी आणि नियम

मदेराचे हवामान सौम्य आहे. फुंशालचे सरासरी तापमान हिवाळ्यात १६ अंशांच्या आसपास आणि ऑगस्टमध्ये २२-२३ अंश असते, त्यामुळे चालणे वर्षभर शक्य आहे. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वांत चांगले. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाऊस जास्त असतो आणि दरडी कोसळतात. २० फेब्रुवारी २०१० च्या अतिवृष्टीत ओढ्यांना आलेल्या पुरांनी फुंशाल आणि रिबेरा ब्रावा भागांत मोठी जीवितहानी केली होती. उन्हाळ्याचा धोका वणव्यांचा. ऑगस्ट २०२४ मध्ये लागलेला वणवा मध्यवर्ती डोंगरांपर्यंत पोहोचला होता. अशा घटनांनंतर वाटा काही काळ बंद ठेवल्या जातात. म्हणून निघण्यापूर्वी वाट खुली असल्याची अधिकृत खात्री करून घेणे आवश्यक असते, आणि बंदचा फलक ओलांडणे हे येथल्या अपघातांना निमंत्रण ठरते.

अधिकृत वाटांना पीआर ही अक्षरे आणि क्रमांक दिलेले आहेत. बाल्कोइंशची वाट पीआर ११, पंचवीस झऱ्यांची पीआर ६, सांव लोरेन्सोची पीआर ८. वाटेवर पिवळ्या आणि तांबड्या पट्ट्यांच्या खुणा असतात. दोन्ही पट्टे समांतर असतील तर दिशा बरोबर, फुली असेल तर चुकीची. गर्दी आवरण्यासाठी आणि देखभालीचा खर्च भागवण्यासाठी २०२४ पासून काही वाटांवर बाहेरून आलेल्यांना प्रवेशशुल्क आहे. ते आगाऊ ऑनलाइन भरता येते.

सामान थोडेच लागते: पकड असलेले बूट, वाऱ्यापावसाला अडवणारे हलके जाकीट, पाणी, थोडे खाणे आणि बोगद्यांसाठी विजेरी. मोबाइलच्या उजेडावर भिस्त ठेवू नये, कारण एक हात भिंतीला टेकायला मोकळा हवा. किनाऱ्यावरून निघताना ऊन असले तरी हजार मीटरांवर तापमान बरेच खाली असते. पाटाच्या बऱ्याच वाटा एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपतात. त्यामुळे एका टोकाला सोडून दुसऱ्या टोकाला घ्यायला येणारी टॅक्सी ठरवतात, किंवा गेल्या वाटेनेच परततात. बसगाड्या आहेत, पण डोंगरातल्या थांब्यांवर त्यांच्या फेऱ्या कमी असतात. अंधार पडण्यापूर्वी दोन तास तरी वाट संपेल असा हिशेब ठेवावा.

समोरून कोणी आले तर जेथे काठ रुंद आहे तेथे थांबून जागा द्यायची, आणि दृश्य पाहायचे किंवा छायाचित्र काढायचे तर आधी उभे राहायचे, चालता चालता नाही. पाटात पाय धुऊ नयेत, काही टाकू नये आणि दारांना हात लावू नये. पर्यटकाच्या दृष्टीने तो वाटेचा सोबती असला, तरी त्यातले पाणी खाली कोणाच्या तरी पाळीचे असते आणि काही ठिकाणी ते पिण्यासाठीही वापरले जाते.